मेरेतली बिळं: एका पावसाळ्याच्या नोंदी

१२ मे २०२४

सिंधुदुर्गातल्या आमच्या घराखालच्या उतारावर आमचे तीन कोपरे आहेत, म्हणजे भाताची तीन खाचरं, एकाखाली एक. मधला कोपरा गेली चार वर्षं पाणी धरत नाही. लावणी झाली की तिसऱ्या दिवशी चिखल उघडा पडतो. चुलतभाऊ, आमचा दादा, गेल्या महिन्यात मुंबईहून आला तेव्हा त्याने दोन उपाय सांगितले. तिन्ही मेरांना, म्हणजे खाचरांच्या मातीच्या बांधांना, खालच्या अंगाने काँक्रीट घालायचं, आणि शिजवलेल्या भातात औषध कालवून त्याचे गोळे खेकड्यांच्या बिळांत टाकायचे. गावात दोन्ही उपाय लोक करतात, त्यामुळे दादाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण गळती खेकड्यांमुळेच आहे, हे कुणी पाहिलंय का, असं विचारल्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

दादाकडून एक पावसाळा मागून घेतलाय. तोवर मेरेतलं प्रत्येक बीळ शोधायचं, ते कुणाचं आहे हे ओळखायचं आणि त्यातून पाणी कुठे जातं ते बघायचं.

साहित्य: बांबूच्या खुंट्या, त्यांना रंगीत चिंध्या, शाळेची आलेखवही, फूटपट्टी, बॅटरी आणि सायकलच्या ब्रेकची जुनी तार. तार वाकते, त्यामुळे बिळात घालून खोली आणि वळण दोन्हींचा अंदाज येतो.

आज दिवसभरात तीन मेरांवर ६४ तोंडं मोजली, प्रत्येकाला नंबर दिला. वरच्या मेरेत १६, मधल्या मेरेत २७, खालच्या मेरेत २१. खेकड्यांची किती? माझ्या अंदाजाने ४५.

१५ मे

काकांना घेऊन मेरेवर गेले. वय ऐंशीच्या पुढे, पण वाकून बघायला अजून कंटाळत नाहीत. त्यांनी माझे ४५ चे ३८ केले.

"कुर्ली आडवी चालता, मगे तिचां दार पण आडवांच," ते म्हणाले. खरंच, कुर्लीच्या म्हणजे खेकड्याच्या बिळाचं तोंड उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतं. आता उन्हाळ्यात बरीचशी तोंडं आतून चिखलाने लिंपलेली आहेत आणि लिंपण वाळून कडक झालंय. शेजारी गेल्या पावसाळ्यातल्या मातीच्या गोळ्या पडलेल्या दिसतात, साधारण आवळ्याएवढ्या. उंदराच्या बिळाचं तसं नाही. तोंड गोल, पुढे भुसभुशीत माती पंख्यासारखी पसरलेली, आणि एकाच घराला चार-पाच दारं. त्यातली काही तो सैल मातीने बुजवून ठेवतो. "उंदीर माती फेकता, कुर्ली माती वाहून हाडता." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

आता आकडे असे: खेकडे ३८, उंदीर १४, आणि १२ तोंडांपुढे प्रश्नचिन्ह.

१९ मे

व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कोरड्या दरडीत वेड्या राघूंची सहा बिळं. एक जोडी चोचीत चतुर घेऊन आत जात होती. त्याखालची दरड ढासळलेली आहे, पण ती राघूंनी पोखरल्यामुळे की गेल्या वर्षी तिथून वाळू नेल्यामुळे? खालच्या बाजूला फावड्याच्या खुणा अजून आहेत. मेरेचा याच्याशी संबंध नाही, म्हणून इथेच थांबते.

२४ मे

मेरेला हात न लावता, पडीक कोपऱ्यातलं खेकड्याचं एक बीळ उकरून पाहिलं. भाची मदतीला. दोन तास लागले.

तोंडावरचं लिंपण चार बोटं जाड. त्याखाली बोगदा तिरका खाली जातो, मग वळण, मग जवळजवळ उभा. ८५ सेंटीमीटरवर माती ओली लागली, ९७ वर नारळाच्या करवंटीएवढी पोकळी, आणि तिच्यात गढूळ पाण्याच्या ओंजळीत खेकडा बसलेला. बाहेर अडतीस अंशांचं ऊन, आत हात घातला तर गारवा. पाणी जसजसं खाली गेलं तसतसा तो खणत खाली गेला असणार. श्वासासाठी कल्ले ओले ठेवावे लागतात, म्हणून त्याची सगळी धडपड ओलीपर्यंत पोचायची असते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते खड्ड्याच्या भिंतीत दिसलं. वरची वीतभर माती काळपट, मुळांनी भरलेली. तिच्याखाली पिवळसर तांबूस, चिकट. तोंडाशी पडलेल्या जुन्या गोळ्या मात्र पिवळ्या. म्हणजे नांगराचा फाळ जिथवर कधीच पोचत नाही तिथली माती हा प्राणी वर आणून ठेवतो. मग पावसात गोळ्या विरघळतात आणि वरच्या थरात मिसळतात. उलट बाजूने वरची काळी माती आणि कुजका पाला बिळात वाहून खाली जातो. या खड्ड्यात काळ्या मातीची एक उभी रेघ पिवळ्यातून थेट खाली उतरलेली होती. जुनं, बुजून गेलेलं बीळ असणार.

आपल्याकडे भातखाचरांत दिसणाऱ्या एका मोठ्या खेकड्याचं शास्त्रीय नाव बॅरिटेलफ्यूसा क्युनिक्युलॅरिस. मुंबई इलाख्यात काम केलेल्या कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या जमिनीवरच्या खेकड्यांबद्दल लिहिलं, त्यासोबत १८३६ मध्ये वेस्टवुड यांनी हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'क्युनिक्युलस' म्हणजे ससा, आणि जमिनीखालचा बोगदासुद्धा. पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी ज्याने याला पाहिलं त्याला आधी त्याचं खणणंच दिसलं.

खेकडा बादलीतून नेऊन त्याच कोपऱ्यातल्या दुसऱ्या ओल्या खड्ड्यात सोडला. वर झावळी ठेवली.

७ जून

मिरग लागला आणि काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. पहाटे साडेपाचला मेरेवर. खेकड्यांच्या ३८ तोंडांपैकी २२ रात्रीतून उघडली होती. लिंपण आतून ढकलून बाहेर पाडलेलं, काही ठिकाणी झाकणासारखं सबंध.

रात्री वाडीतली मुलं बॅटऱ्या आणि बादल्या घेऊन कुर्ल्या धरायला उतरली. मिरगाला कुर्ल्यांचं कालवण आमच्याकडे व्हायलाच हवं, मीही जेवले. मुलांना एवढंच सांगितलं की पोटाखाली पिल्लं असलेली मादी सापडली तर सोडून द्या. गोड्या पाण्यातल्या या खेकड्यांची पिल्लं अंड्यातून थेट इवले खेकडे होऊनच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या पोटाखालच्या पडद्यात राहतात. समुद्रातल्या खेकड्यांसारख्या लाटांवर वाहत जाणाऱ्या अळ्या नाहीत. त्यामुळे एक मादी गेली की त्या मेरेवरची पुढची पिढी तिच्यासोबत जाते, दुसरीकडून वाहत येऊन जागा भरत नाही. मुलांनी तीन माद्या सोडल्या. एकाने मला बोलावून पडदा उचलून दाखवला. आत शेकड्यात असतील, मोहरीच्या दाण्यांसारखी, हलणारी.

(नंतर जोडलेली ओळ) १० तारखेपर्यंत उघडलेली तोंडं ३१. उरलेली ७ बहुधा सोडून दिलेली घरं.

१६ जून

आज गांडुळं.

तेलाच्या डब्याची दोन्ही झाकणं कापून नळकांडं केलं, जमिनीत चार बोटं ठोकलं आणि वरून एक लिटर पाणी ओतून घड्याळ लावलं. पाणंदीवर, जिथे रोज गुरंमाणसं चालतात, ४० मिनिटांनीही तळाला पाणी होतं. काजूखाली, जिथे गांडुळांच्या विष्ठेच्या ढिगल्यांनी जमीन भरून गेली आहे, तिथे एक लिटर तीन मिनिटांत गायब. दोन जागांमध्ये अंतर बारा पावलं. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो, पण एकीकडचा व्हाळाला जातो आणि दुसरीकडचा विहिरीला.

डार्विनने म्हातारपणी गांडुळांवर पुस्तक लिहिलं, ते १८८१ मध्ये आलं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की त्याने वाट पाहिली. डिसेंबर १८४२ मध्ये घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि नोव्हेंबर १८७१ मध्ये तिथे चर खणला. २९ वर्षांत खडूचा पांढरा पट्टा ७ इंच खाली गेला होता. तुकडे बुडाले नव्हते. गांडुळं खालची माती गिळून वर टाकत राहिली आणि जमीनच त्यांच्यावर चढत गेली.

आम्हीही सुरुवात केली. खडू किंवा चुन्याने मातीचा आंबटपणा बदलेल म्हणून तो टाळला. काकींनी साठवलेल्या फुटक्या कपबश्या खलबत्त्यात फोडून एक मीटर चौरसात पसरल्या, चार कोपऱ्यांना जांभ्याचे चिरे. भाची अकरा वर्षांची आहे. तिच्या वहीतही ही तारीख लिहून घेतली.

२३ जून

१२ नंबरच्या बिळाबाहेरच्या गोळ्या आठवडाभर रोज सकाळी गोळा केल्या, चुलीजवळ सुकवल्या. वजन ६४० ग्रॅम. एका खेकड्याचा एक आठवडा. याला उघड्या ३१ बिळांनी आणि मग पावसाळ्याच्या आठवड्यांनी गुणायचा मोह झाला, पण मिरगानंतर घर साफ करण्याची ही घाई असणार, पुढे वेग उतरेल. गुणाकार केला नाही.

२९ जून

आज या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस.

परवा चिखलणी झाली, मधल्या कोपऱ्यात चार बोटं पाणी उभं केलं. कपड्यांची नीळ बादलीत कालवून घट्ट निळं पाणी केलं आणि मधल्या मेरेतल्या, पाण्याच्या पातळीला असलेल्या सहा तोंडांत एकेक करून ओतलं. भाची खालच्या कोपऱ्यात उभी, निळं कुठे दिसतं ते बघायला. दोन तोंडांच्या मध्ये तासाभराचं अंतर ठेवलं, रंग मिसळू नये म्हणून.

खेकड्यांच्या चार बिळांपैकी तिघांत निळं पाणी हळूहळू खाली बसलं आणि पलीकडे काहीच आलं नाही. चौथ्यात, १९ नंबरमध्ये, पन्नास मिनिटांनी खालच्या बाजूला फिकट निळा पाझर. बोट लावलं तर बोट ओलं होईल, एवढाच.

उंदराचं ३३ नंबर: दोन मिनिटं. भाची ओरडलीच. मेरेच्या पलीकडून निळी धार, मनगटाएवढी.

प्रश्नचिन्हवालं ४० नंबर: सात मिनिटांत पलीकडे दोन ठिकाणी निळं. तिथे थोडं उकरल्यावर कळलं की हे बीळ कुणीच खणलेलं नाही. पूर्वी मेरेवर भेंडीचं मोठं झाड होतं (भाजीची भेंडी नव्हे), ते तोडलं, खोड कुजलं, आणि मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहिल्या. झाड मी लहानपणी पाहिलंय. त्यावर चढायचो आम्ही.

कारण आता सरळ दिसतं. खेकड्याला पाणी हवं असतं, म्हणून त्याचं बीळ खाली उतरतं. उंदराला कोरडी जागा हवी असते, म्हणून तो पाण्याच्या वरून, मेरेच्या पोटातून आडवा जातो. शेतात पाणी चढलं की तो आडवा बोगदा म्हणजे आयती मोरी. खेकडा अगदी निर्दोष आहे असंही नाही, १९ नंबर गळतंच. अरुंद मेर असेल तर त्याचं तिरकं बीळही पलीकडे निघू शकतं. पण आमच्या मधल्या कोपऱ्याचं पाणी पळवणारे दोघे वेगळेच निघाले, आणि विषाचे गोळे त्या दोघांनाही लागले नसते. कुजलेल्या मुळाला कसलं विष घालणार?

३३ आणि ४० उकरून, चिकण माती थराथराने घालून, धुमसाने ठोकून बंद केली. दादाला फोनवर सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "३४ पण उंदराचंच आहे ना? ते का नाही बंद केलंस?" ते पातळीच्या वर होतं म्हणून राहू दिलं.

८ जुलै

३४ बंद करायला हवं होतं.

काल दिवसभर आणि रात्रभर कोसळला. व्हाळ पुलावरून गेला. सकाळी सात वाजता शेतात पोचले तेव्हा मधल्या कोपऱ्यातलं पाणी ३४ च्या तोंडापर्यंत चढलेलं आणि पलीकडे लालसर गढूळ धार. मे महिन्यात त्याचं तोंड मुठीएवढं होतं, आज डोकं आत जाईल एवढं. मेर अजून उभी होती. पोती भरून लावली, अर्ध्या तासात धार थांबली.

शिकण्यासारखं त्या धारेच्या रंगात होतं. मेरेतून पाझरणारं पाणी नितळ असेल तर थांबून बघायला वेळ असतो. गढूळ असेल तर ते मेरेची माती आतून सोबत नेत आहे, बोगदा दर मिनिटाला रुंद होतो आहे आणि रुंद झाला की आणखी जोराने पाणी ओढतो आहे. मातीचा बांध लहान असो की मोठा, आतून असाच कुरतडला जातो.

फुटली मात्र दुसरीच. खालच्या कोपऱ्याची मेर दोन-अडीच मीटर लांबीत वाहून गेली. त्या तुकड्यात बिळं किती होती? नकाशा काढून पाहिला: दोन, दोन्ही खेकड्यांची, दोन्ही टोकाला. शेजारच्या तुकड्यात नऊ बिळं आहेत आणि तो शाबूत. फुटली तिथून पाच पावलांवर सांडवा आहे, पाणी सोडायची वाट. तो वरून वाहून आलेल्या पातेऱ्याने, म्हणजे पाल्यापाचोळ्याने, आणि एका प्लास्टिकच्या पोत्याने गच्च भरला होता. पाण्याची पातळी मेरेच्या माथ्यावर गेली, सगळ्यात सखल जागेवरून ओसंडली आणि पलीकडचा उतार खरवडत मागे मागे येत मेर कापत गेली.

काका छत्री घेऊन उभे होते. "पाण्याक वाट गावली नाय, मगे तेणां आपली वाट काढल्यान."

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. २०१९ च्या जुलैत, २ तारखेच्या रात्री, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. माणसं वाहून गेली, घरं गेली. त्यानंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याचं विधान मंत्र्यांकडून झालं. ते ऐकल्यापासून माझ्या मनात हा विषय रुतून बसलाय. माझ्या तीन कोपऱ्यांवरून धरणाबद्दल निष्कर्ष काढण्याचा अधिकार मला नाही. पण मातीच्या बांधात बिळं असणारच, हे आमच्या आजोबांना ठाऊक होतं. म्हणून दर उन्हाळ्यात मेरेवर फिरणं, दाबणं, लिंपणं हे शेतकामच होतं. बीळ दिसल्यावर ते कुणी पाहिलं आणि मग काय केलं, हा प्रश्न माणसांना विचारायचा असतो.

२२ जुलै

काजूच्या बागेतल्या रोयणीवर अळंबी आली. रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ. आमचं कमरेएवढं आहे, काकांच्या लहानपणी गुडघ्याएवढं होतं म्हणे.

ही अळंबी फक्त रोयणीवरच का येते, ते मुलांना सांगितलं. ही वाळवी पोटात गेलेला पाला-लाकूड नीट पचवू शकत नाही. ती आपल्या विष्ठेचे स्पंजासारखे पोळे रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशी लाकडाचं अन्न करते आणि वाळवी ते खाते. पावसाळ्यात तीच बुरशी जमिनीवर छत्र्या काढते. ती बाकीच्या अळंबीसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही, तिला तिचे शेतकरीच लागतात. टोपलीभर विकायला नेताना लोक रोयण कुदळीने उकरतात, पोळे तुटतात आणि पुढच्या वर्षी अळंबी येत नाही. आम्ही उमललेल्यातली निम्मी घेतली, देठ हलक्या हाताने पिळून. काकींनी खोबरं घालून केली.

काकी रोयणीला पाय लावू देत नाहीत. "सातेरी आसा ती." सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरीची कितीतरी देवळं अशी आहेत की आत मूळ देवता म्हणजे वारूळच. लहानपणी मला ते नुसतं देवाचं वाटायचं. आता वाटतं, जमिनीच्या पोटातून माती आपोआप वर येताना ज्यांनी पाहिली त्यांनी तिला भूमीची देवी म्हणावं, हे किती नेमकं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल शोधण्यावर दकार्गल नावाचा अध्याय आहे, सहाव्या शतकातला. त्यात वारूळ पुन्हा पुन्हा येतं. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर त्याच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, असं एक लक्षण आहे. वाळवीला घर ओलसर ठेवावं लागतं आणि त्यासाठी ती खालून ओली माती आणते, त्यामुळे या निरीक्षणामागे काही आधार असावा. आमच्या रोयणीपासून विहीर चाळीस पावलांवर आहे. त्यावरून काही सिद्ध होत नाही, तरी नोंदवून ठेवते.

वाळवीच्या कामाचा आवाका वाचला तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती. ईशान्य ब्राझीलमध्ये, जवळजवळ ग्रेट ब्रिटनएवढ्या प्रदेशात, सुमारे २० कोटी मातीचे ढिगारे आहेत, प्रत्येकी साधारण अडीच मीटर उंच, एकमेकांपासून ठरावीक अंतरावर. २०१८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही वारुळं नव्हेत, आत कुणी राहत नाही. जमिनीखाली बोगदे खणताना निघालेली माती वाळवीने वर टाकली, त्याचे हे ढीग. सगळ्यात जुने जवळपास ४,००० वर्षांचे.

९ ऑगस्ट

नागपंचमी. आज जमिनीत नांगर, कुदळ, विळा काही चालवायचं नाही. खुंट्याही ठोकल्या नाहीत. काकींनी रोयणीला दूध-लाह्या वाहिल्या.

२० ऑगस्ट

बागेच्या वरच्या उतारावर साळिंदराने कंदांसाठी उकरलेले खड्डे. १९ मोजले. कोपरभर लांब, वीतभर खोल, खालच्या काठाला मातीचा ढीग. पहिल्यांदा पाहून कुणीही म्हणेल, नासधूस. जूनमध्ये मीही वहीत तोच शब्द लिहिला होता, तो आज खोडला.

खड्ड्यांत काय आहे बघा: उतारावरून वाहून आलेला काजूचा पाला अडकून कुजतोय, पाऊस थांबून तीन दिवस झाले तरी तळ ओला, आणि १९ पैकी १४ खड्ड्यांत रोपं. कुडा, दिंडा, एकात चक्क आंब्याची कोय रुजलेली. शेजारच्या सपाट, शेवाळलेल्या कडक जमिनीवर तेवढ्याच जागेत जवळजवळ काही नाही.

हेच साळिंदर, हीच जात, इस्राएलच्या नेगेव वाळवंटापर्यंत आढळते. तिथल्या संशोधकांनी त्याच्या खड्ड्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. जिथे पाऊस कोरड्या कवचावरून घसरून जातो, तिथे या खड्ड्यांत पाणी, पाला आणि बिया जमतात, आणि वनस्पती दाटीने वाढतात. त्या वाळवंटात काम केलेले मोशे शाचाक हे क्लाइव्ह जोन्स आणि जॉन लॉटन यांच्यासोबतच्या १९९४ च्या लेखाचे एक लेखक. आपल्या हालचालीने इतरांसाठी जागा घडवणाऱ्या प्राण्यांना 'परिसंस्थेचे अभियंते' हे नाव त्या लेखाने दिलं. आमच्या बागेतला अभियंता रात्री येतो, सकाळी एक काटा मागे ठेवून जातो.

कातळाच्या कडेला एक रोयण एका बाजूने खोल फोडलेली दिसली, नखांचे लांब ओरखडे. खवले मांजर. कुठे ते वहीत लिहिलेलं नाही, इथेही लिहिणार नाही. त्याला मारून खवले विकणारे लोक आहेत. रोयणीचा फुटलेला भाग वाळवीने चार दिवसांत लिंपून घेतला.

२ सप्टेंबर

वाहून गेलेली मेर पुन्हा घालताना चिऱ्याखाली देवगांडूळ निघालं. वीतभर, करड्या-जांभळ्या रंगाचं, अंगावर वळी. साप समजून गडी मारायला धावला, हात धरला. हा बेडकाचा भाऊबंद, पाय नसलेला उभयचर, घट्ट कवटीने माती ढकलत पुढे जातो. याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यातल्या दोर्ले गावातून, २००३ मध्ये देवगांडुळाची एक नवी जात शास्त्राला कळली. आमचं कुठल्या जातीचं ते मी सांगू शकत नाही. ओल्या पाल्याखाली सोडलं.

१९ ऑक्टोबर

कापणी संपली. मधल्या कोपऱ्याने यंदा पाणी धरलं. खालच्या कोपऱ्यात फुटलेल्या मेरेमुळे पाव भाग गेला.

उंदरांनी मधल्या मेरेत नवं घर केलं होतं, कापणीच्या आधी लोंब्या तिरक्या कापलेल्या दिसत होत्या. आज ते घर उकरलं. पाच दारं, दोन आंधळे बोगदे आणि तळाशी कोठार: लोंब्या व्यवस्थित रचलेल्या, निवडून पाखडल्यावर सव्वा किलो भात. "आमचां भात आमकांच गावलां," काका म्हणाले. खेकड्याबद्दल माझं मन मऊ आहे, उंदराबद्दल नाही. मेरेतल्या त्याच्या घराला जागा देता येणार नाही. पुढच्या वर्षी लावणीपासून कोपऱ्यांत घुबडांसाठी बांबूचे आडवे दांडे उभे करायचे आणि दर पंधरा दिवसांनी मेर तपासायची. विष नको, कारण विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबड मरतं.

४ नोव्हेंबर

दादा दिवाळीला आला होता. त्याला तिन्ही मेरांवरून फिरवलं, नकाशा दाखवला. त्याने १९ नंबरपाशी बसून तार आत घातली आणि स्वतः वळण मोजलं. बराच वाद झाला. तो म्हणतो, मजूर मिळत नाहीत, दर वर्षी लिंपायला कोण येणार, काँक्रीट एकदाच घालायचं. हा मुद्दा खरा आहे, माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. शेवटी ठरलं ते असं: तिन्ही सांडव्यांना जांभ्याचा चिरेबंदी काठ, पुढे जाळी, हा खर्च दादाचा. मधली मेर हातभर रुंद करायची, म्हणजे तिरकं बीळ पलीकडे निघणार नाही. खालच्या मेरेवरच्या खेकड्यांना हात लावायचा नाही. काँक्रीटचा विषय पुढच्या दिवाळीला.

कपबश्यांचा चौकोन पाहिला. पाच महिन्यांत निम्मे तुकडे ढिगल्यांखाली दिसेनासे झालेत.

२४ नोव्हेंबर

मधल्या कोपऱ्यात कुळीथ टाकले, ओलीवर उगवूनही आले. खेकडे घरं बंद करायला लागले आहेत. आज १९ तोंडं लिंपलेली मोजली. ताज्या लिंपणावर पायांचे बारीक ठसे आहेत, वाळल्यावरही राहतील असं वाटतं. १२ नंबर अजून उघडं आहे. बॅटरी मारली, पाणी दिसत नाही, पण आतून गार ओल येते. उद्या पुन्हा बघते.